पीएसए ४.६ आला, त्रास मात्र काहीच नाही: पुढे काय करायचं?

विचारलेलं थोडक्यात असं: वय ५२, लघवीची कसलीही तक्रार नाही. वडिलांना ६४व्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी होती, तिचा आकडा ४.६ आला. एक डॉक्टर म्हणाले, लगेच बायॉप्सी (सुईने तुकडे काढून तपासणी) करून टाका. दुसरे म्हणाले, हा कॅन्सर इतका सावकाश वाढतो की त्याच्या मागे लागूच नका. शिवाय ४६ वर्षांच्या धाकट्या भावाने तपासून घ्यावं का आणि गोळ्या-पथ्याने हा कॅन्सर टळतो का, हेही विचारलंय.

मी युरॉलॉजिस्ट आहे आणि असे दोन टोकांचे सल्ले ऐकून गोंधळलेली माणसं नेहमी पाहतो. एकाच आकड्यावर थेट बायॉप्सी करायचे दिवस मागे पडले. पण वडिलांना हा आजार झालेल्या ५२ वर्षांच्या माणसाला ‘सोडून द्या’ म्हणणं मला तितकंच चुकीचं वाटतं. टप्प्याटप्प्याने जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर पुढे जायचं की थांबायचं हे नव्याने ठरवायचं. तेवढा वेळ तुमच्याकडे आहे. पीएसए या पातळीवर असताना चार-सहा आठवड्यांनी सहसा काही बिघडत नाही.

आधी ‘त्रास काहीच नाही’ याबद्दल, कारण बहुतेक जण इथेच फसतात. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वय वाढलं की तिचा मूत्रमार्गालगतचा आतला भाग फुगतो. धार बारीक होते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, लघवी झाल्यावरही पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. हे सगळं साध्या वाढीमुळे होतं आणि साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, ती पुढे कॅन्सरमध्ये बदलतही नाही. कॅन्सर मात्र सुमारे ७० टक्के वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात सुरू होतो. तिथे तो वाढला तरी मूत्रमार्गाला बरीच वर्षं धक्का लागत नाही. म्हणून रात्री उठावं लागतं या धास्तीने आलेल्या माणसाला बहुधा कॅन्सर नसतो आणि ‘माझी धार उत्तम आहे’ म्हणणाऱ्याला तो नसेलच याची खात्री नसते. लक्षणं येतात ती उशिरा: लघवीत रक्त, वजन घटणं, कंबर-पाठ-मांडीच्या हाडांत न थांबणारं दुखणं. हा आजार असलेल्या माणसाचे पाय अचानक लुळे पडू लागले किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्या दिवशीच रुग्णालय गाठायचं, अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही.

आता तुमचा ४.६. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेलं एक प्रथिन आहे. वीर्य पातळ ठेवणं हे त्याचं काम. थोडंसं रक्तात झिरपतं आणि ते आपण मोजतो, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. ते निरोगी पेशीही बनवतात, कॅन्सरच्याही. त्यामुळे हा आकडा प्रोस्टेटमध्ये काहीतरी चाललंय एवढंच सांगतो; काय चाललंय ते सांगत नाही.

रिपोर्टवर ४च्या वर गेलं की ठळक अक्षरांत छापतात म्हणून लोकांना वाटतं, ४च्या खाली सुरक्षित आणि वर कॅन्सर. तसं नसतं. अमेरिकेत फिनास्टेराइड या प्रोस्टेटवरच्या औषधाच्या एका मोठ्या अभ्यासात शेवटी पीएसए कमी असलेल्या पुरुषांचीही बायॉप्सी केली गेली. पीएसए सतत ४ किंवा त्याखाली राहिलेल्यांपैकी १५ टक्क्यांना कॅन्सर निघाला, अर्थात त्यातले बहुतेक सौम्य. आणि ४ ते १०च्या दरम्यान पीएसए असलेल्यांची बायॉप्सी केली, तर ढोबळमानाने चारातल्या एकाला कॅन्सर सापडतो, तिघांना नाही. म्हणजे तुमच्या रिपोर्टवरचा ठळक छापलेला आकडा अजून काहीच सिद्ध करत नाही.

म्हणून पहिली गोष्ट: सहा आठवड्यांनी पीएसए पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. वाढलेला आकडा दुसऱ्या खेपेला आपोआप खाली आलेला मी कितीतरी वेळा पाहिलाय. रक्त देण्याआधी दोन दिवस वीर्यस्खलन टाळा आणि लांबचं सायकलिंगही टाळा. मधल्या काळात लघवीचा जंतुसंसर्ग झाला, जळजळ-ताप आला किंवा कॅथेटर घालावा लागला, तर तपासणी पुढे ढकला. जंतुसंसर्गात पीएसए कितीही चढू शकतो आणि उतरायला आठवडे लागतात. दुसरीकडे, काही औषधं तो खाली ओढतात. प्रोस्टेटच्या वाढीसाठी दिली जाणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतली की पीएसए साधारण निम्मा होतो. अशा माणसाचा २.५ हा प्रत्यक्षात ५ धरायचा. केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइडची छोटी मात्रा घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. ‘कुठली औषधं चालू आहेत?’ या प्रश्नावर केसांची गोळी कोणीच सांगत नाही. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रा घेत असाल तर तेही सांगा. लॅबच्या काही पद्धतींमध्ये त्याने आकडा चुकीचा येतो.

पुन्हा केलेला पीएसएही ४च्या वर आला, तर पुढचा प्रश्न: ग्रंथी केवढी आहे? ८० सीसीच्या मोठ्या ग्रंथीला ४.६ शोभून दिसतो. २५ सीसीच्या लहान ग्रंथीतून तेवढाच पीएसए आला तर तो खटकतो. पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागायचं. उत्तर ०.१५च्या वर गेलं की संशय वाढतो. पहिल्या ग्रंथीत ते ०.०६ येतं, दुसरीत ०.१८. रक्तातल्या एकूण पीएसएपैकी फ्री पीएसए, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना न चिकटलेला, किती टक्के आहे, हेही याच टप्प्यावर पाहता येतं. २५ टक्क्यांच्या वर असेल तर दिलासा, १०च्या खाली असेल तर काळजी.

आणि बायॉप्सीच्या आधी एमआरआय. गेल्या दहा-बारा वर्षांत या क्षेत्रात झालेला सर्वांत मोठा बदल हाच. पूर्वी पीएसए वाढला की अल्ट्रासाउंड लावून ग्रंथीच्या ठरावीक भागांतून दहा-बारा तुकडे घ्यायचे. कॅन्सर कुठे आहे हे माहीत नसतानाच सुया मारायच्या. त्यात धोकादायक गाठ निसटायची आणि निरुपद्रवी कण मात्र हमखास सापडायचे. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिसिजन चाचणीत दोन्ही पद्धतींची थेट तुलना झाली. आधी एमआरआय करून संशयित जागीच सुई घातली, तेव्हा महत्त्वाचा, म्हणजे पुढे त्रास देऊ शकेल असा, कॅन्सर ३८ टक्क्यांमध्ये सापडला, जुन्या पद्धतीने २६ टक्क्यांमध्ये. निरुपद्रवी कॅन्सर सापडण्याचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ९वर आलं. शिवाय एमआरआय गटातल्या २८ टक्के पुरुषांना बायॉप्सी करावीच लागली नाही. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला झालेल्या अभ्यासातही संशयित जागेवरच बायॉप्सी केल्याने अनावश्यक निदानं निम्म्यावर आली.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये १ ते ५ असा पाय-रॅड्स गुण असतो. १-२ म्हणजे संशय कमी, ४-५ म्हणजे बायॉप्सी करायची, आणि ३ म्हणजे रेडिओलॉजिस्टही कुंपणावर. तिथे ग्रंथीच्या आकारमानाने भागलेला पीएसए आणि घराण्याचा इतिहास पाहून ठरवतात. एक सूचना: हे स्कॅन वाचण्यात अनुभवाचा फार फरक पडतो. प्रोस्टेटचे एमआरआय रोज पाहणाऱ्याकडून रिपोर्ट घ्या. संशय न दाखवणारा एमआरआयही शंभर टक्के खात्री देत नाही, दहातल्या साधारण एकाच्या बाबतीत महत्त्वाचा कॅन्सर त्यातून निसटतो. म्हणून वडिलांचा इतिहास असलेल्या तुमच्यासारख्या माणसाला एमआरआय चांगला आला तरी पीएसए चालूच ठेवायचा.

बोटाने गुदद्वारातून तपासणी करावी लागेल म्हणून अनेक जण दारातूनच परततात, त्यांच्यासाठी दोन ओळी. निव्वळ चाळणी म्हणून ही तपासणी कमकुवत आहे, एकटी पुरत नाही. लक्षणं असतील किंवा पीएसए वाढलेला असेल तेव्हा ती करतो, अर्ध्या मिनिटात होते. तिला घाबरून रक्ताची तपासणी टाळू नका.

बायॉप्सीची वेळ आलीच, तर ती गुदाशयातून करतात किंवा अंडकोष आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून. दुसऱ्या मार्गात सुई आतड्यातून जात नाही, त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका कमी. मिळत असेल तिथे मी तोच मार्ग सुचवतो. नंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसतं. वीर्याचा तपकिरी रंग पाहून माणसं हादरतात, पण ते अपेक्षित आहे. ताप आणि थंडी आली तर मात्र तातडीने दाखवा. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो अशी भीती सर्रास ऐकू येते. प्रोस्टेटच्या बाबतीत असं घडणं अत्यंत दुर्मिळ आहे.

आता दुसऱ्या डॉक्टरांच्या म्हणण्याकडे वळतो, कारण ते उगाच बोललेले नाहीत. दुसऱ्या कारणांनी मरण पावलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनात, ८० वर्षांच्या आसपास निम्म्याहून अधिक जणांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर सापडतो. त्यांना तो आयुष्यभर कळलाही नव्हता. अमेरिकेत १९८६मध्ये पीएसएला मान्यता मिळाली ती निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी; निदानासाठीची मान्यता १९९४ची. त्यानंतर सरसकट पीएसए, सरसकट बायॉप्सी आणि सापडलेल्या जवळजवळ प्रत्येक कॅन्सरवर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन, असा सपाटाच सुरू झाला. ज्यांना त्या कॅन्सरने कधीच त्रास दिला नसता असे असंख्य पुरुष लघवी गळण्याचा आणि ताठरता गेल्याचा त्रास घेऊन जगले. या अनुभवामुळे २०१२मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य सेवा कृतिदलाने पीएसए चाचणी करूच नका असं सांगितलं. पुढे पसरलेल्या अवस्थेत निदान होणाऱ्यांचं प्रमाण वाढताना दिसलं आणि २०१८मध्ये त्यांनी भूमिका बदलली: ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी फायदे-तोटे समजून घेऊन स्वतः ठरवावं, ७०नंतर करू नये.

फायदा किती, याचं सर्वांत भरवशाचं उत्तर युरोपातल्या आठ देशांमधल्या दीड लाखांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासातून मिळतं. २०२५मध्ये त्याचे २३ वर्षांचे निष्कर्ष आले. पीएसएसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. वेगळ्या शब्दांत, ४५६ पुरुषांना तपासणीला बोलावलं की एक मृत्यू टळला, आणि त्या एकासाठी १२ जादा पुरुषांना कॅन्सरचं निदान झालं. सोळा वर्षांच्या टप्प्यावर हेच आकडे ५७० आणि १८ होते. जितका काळ जास्त, तितका फायदा वाढतो. म्हणूनच पुढे दहा-पंधरा वर्षं आयुष्य अपेक्षित असलेल्या माणसालाच या तपासणीचा उपयोग. हृदयाचा गंभीर आजार असलेल्या ७८ वर्षांच्या गृहस्थांचा पीएसए पॅकेजमध्ये आहे म्हणून होतो आणि मग घर महिनाभर झोपत नाही, हे मला दर वेळी खटकतं. लक्षणं नसतील तर ती ओळ पॅकेजमधून काढायला सांगा.

त्या ‘बारा जादा’ माणसांचं काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. पूर्वी बाराही जण शस्त्रक्रियेला जायचे. आज तसं करायची गरज नाही. बायॉप्सीतल्या पेशी पाहून पॅथॉलॉजिस्ट ग्लीसन गुण देतात, आणि त्यावरून १ ते ५ असे गट पाडतात. गट १, म्हणजे ग्लीसन ६, जवळजवळ कधीच शरीरात पसरत नाही. अशा रुग्णाला आम्ही सक्रिय देखरेखीवर ठेवतो: दर सहा महिन्यांनी पीएसए, ठरावीक काळाने एमआरआय, साधारण वर्षभराने पुन्हा बायॉप्सी, आणि कॅन्सरचा स्वभाव बदलताना दिसला तरच उपचार. ‘कॅन्सर आहे आणि डॉक्टर काहीच करत नाहीत’ हे घरच्यांच्या गळी उतरवणं रुग्णाला समजावण्यापेक्षा अवघड जातं.

ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीत प्रोस्टेटपुरताच मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले: देखरेख, शस्त्रक्रिया, रेडिएशन. पंधरा वर्षांनंतर प्रोस्टेट कॅन्सरने दगावले ते एकूण २.७ टक्के, आणि तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. देखरेखीच्या गटात कॅन्सर शरीरात पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, इतर दोन गटांत ५च्या आसपास. म्हणजे देखरेख फुकट नसते, ती शिस्तीने करावी लागते आणि योग्य रुग्णालाच द्यावी लागते. उलट बाजूने, सहा वर्षांनंतरही शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १७ टक्क्यांना लघवी गळते म्हणून पॅड लागत होता. गट २च्या सौम्य बाजूच्या काही रुग्णांनाही देखरेखीवर ठेवता येतं. गट ३, ४, ५ मात्र वेगळेच आजार समजा. तिथे वेळेवर उपचार केल्याने जीव वाचतो आणि हा सगळा खटाटोप त्यांना वेळेत पकडण्यासाठीच असतो.

म्हणून मी पीएसए लिहून देण्याआधीच विचारतो: आकडा वाढलेला निघाला तर एमआरआय कराल? सौम्य कॅन्सर निघाला तर तो शरीरात असताना शांतपणे जगू शकाल? ज्याचं दुसऱ्या प्रश्नाला ठाम ‘नाही’ असतं, त्याच्याशी रक्त काढण्याआधी जास्त वेळ बोलावं लागतं. तुमच्या बाबतीत रक्त आधी गेलं आणि विचार नंतर आला. पॅकेजमुळे हल्ली असंच होतं.

धोका कुणाला जास्त? वय हे सर्वांत मोठं कारण, पन्नाशीच्या आत हा कॅन्सर विरळाच. नंतर घराणं. वडील किंवा भाऊ यांपैकी एकाला असेल तर धोका साधारण दुप्पट, दोघा-तिघांना असेल तर त्याहून बराच जास्त, आणि नातेवाइकाला साठीच्या आत झाला असेल तर आणखी गांभीर्याने घ्यायचं. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांमध्ये तो जास्त आणि लवकर होतो. बीआरसीए-२ या जनुकात दोष असेल तर कॅन्सर लवकर होतो आणि आक्रमक असतो. हा दोष आईकडूनही येतो, म्हणून मी आईच्या, मावशीच्या, बहिणीच्या स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरबद्दल विचारतो. पुरुष रुग्ण या प्रश्नाने गोंधळतात, ‘माझ्या प्रोस्टेटचा मावशीशी काय संबंध?’ संबंध आहे.

कमी-जास्त शरीरसंबंध किंवा हस्तमैथुन यांमुळे प्रोस्टेटचा कॅन्सर होत नाही. नसबंदीचंही भय बाळगायचं कारण नाही.

गोळ्यांबद्दल मी थोडा कडक आहे. ‘प्रोस्टेटसाठी’ म्हणून व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम विकलं जातं. पस्तीस हजारांवर पुरुषांच्या सिलेक्ट चाचणीत सेलेनियमचा उपयोग झाला नाही आणि २०११मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला. चालू असेल तर बंद करा. कुठलंही पथ्य हा कॅन्सर नक्की टाळतं असं दाखवता आलेलं नाही. लठ्ठपणाचा संबंध आक्रमक कॅन्सरशी, आणि धूम्रपानाचा या कॅन्सरने मृत्यू होण्याशी दिसतो. वजन आणि सिगारेट, हातात असलेल्या गोष्टी या दोनच, आणि त्यांनी हृदयही वाचतं.

आता भावाचं. वडिलांचा इतिहास आहे, वय ४६. युरोपीय युरॉलॉजी संघटना अशा पुरुषांना ४५पासून, बीआरसीए-२ असलेल्यांना ४०पासून आणि बाकीच्यांना ५०पासून तपासणीचा विचार करायला सांगते. तेव्हा त्याने फायदे-तोटे समजून घेऊन पीएसए करून घ्यावा. त्याचा रिपोर्ट वाचताना ४ची रेघ पाहू नका. चाळिशीतल्या पुरुषांचा मधला आकडा ०.७च्या आसपास असतो. त्याचा २.३ आला तर लॅब ‘नॉर्मल’ छापेल, पण मी त्याला वर्ष-दोन वर्षांत परत बोलावीन. १च्या खाली आला तर दर वर्षी सुई टोचून घेण्याची गरज नाही, काही वर्षांचं अंतर चालतं. घराण्यामुळे मी ते फार लांबवणार नाही इतकंच. साठाव्या वर्षी ज्याचा पीएसए १च्या आत असतो, त्याला या कॅन्सरने पुढे मरण येण्याची शक्यता अगदी नगण्य असते, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.

युरॉलॉजिस्टकडे जाताना दोघांनी मिळून एक कागद करा: आधीचे सगळे पीएसए तारखेनिशी, चालू औषधं केसांच्या गोळीसकट, आणि आई-वडिलांच्या दोन्ही बाजूंनी कुणाला कुठला कॅन्सर कितव्या वर्षी झाला ते. वडिलांचा ग्लीसन गुण जुन्या बायॉप्सी रिपोर्टवर असतो, तो शोधा. तो ८ किंवा जास्त असेल, किंवा आईच्या बाजूला स्तन-अंडाशयाचे कॅन्सर असतील, तर जनुक तपासणीबद्दल विचारा. वडिलांच्या कॅन्सरमुळे ती करायची असेल आणि ते हयात असतील तर आधी त्यांची करायची, कारण दोष त्यांच्या बाजूने आला असेल तर त्यांच्यातच स्पष्ट सापडतो. तो निघालाच, तर तुम्हा दोघांबरोबर तुमच्या बहिणींनीही आणि दोघांपैकी कुणात तो आला असेल तर त्याच्या सज्ञान मुलींनीही तपासणी करून घ्यायला हवी.